चाराला तीन, सोळाला नऊ आणि एक भाकरी

बारामतीत एका गाळ्यात बसून मी कित्येक वर्षं माणसं जाड आणि बारीक करायचं काम केलं. मी डॉक्टर नाही आणि व्यायामशाळाही कधी चालवली नाही. आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग हे करायचे आणि मागं पडद्याआड एक कॉम्प्युटर, दोन डीव्हीडी रायटर आणि मी. टीव्हीवरचं रेकॉर्डिंग डीव्हीडीवर उतरवून देणं हे माझं खातं. बोर्डावर तसं नीट रंगवून लिहिलं होतं, पण बोर्ड वाचतो कोण? लोक दारातूनच ओरडायचे, "वैनी हायती का? आमचा माणूस चपटा दिसतुया!"

माणूस चपटा का दिसतो ते आधी सांगते. माहीत असेल त्यांनी हा भाग सोडून द्यावा. पण ज्यांनी ज्यांनी मला "माहीत हाय की" म्हटलं, त्यांना ते हमखास माहीत नसायचं, हा माझा अनुभव.

जुना डबा टीव्ही चार मापं रुंद आणि तीन मापं उंच. आताचा भिंतीवरचा सोळा रुंद, नऊ उंच. डीव्हीडीत चित्र साठवताना मात्र ठिपके दोघांना सारखेच. सोबत फक्त एक खूण असते, की बाबा रे, हे चाराला तीन करून दाखव, किंवा सोळाला नऊ करून दाखव. परकराचं कापड तेवढंच असतं, नाडी ओढली की चुण्या पडतात आणि सैल सोडली की पसरतं, तसंच हे. खूण चुकीची पडली की नवरदेव दुधीभोपळ्यासारखा लांब होतो नाहीतर लाल भोपळ्यासारखा बसका. त्यात त्या वर्षांत वाहिन्यांचाच सगळा गोंधळ होता. काही कार्यक्रम जुन्या मापाचे, काही नव्या, काही जुनेच ओढूनताणून नवे केलेले. शिवाय प्रत्येक घरातल्या सेट टॉप बॉक्सचं माप वेगळं, कारण कोणीतरी रिमोटची सगळी बटणं एकदा दाबून बघितलेली असायची. त्यामुळं समोर आलेलं चित्र नेमकं किती ताणलंय हे चित्राकडं नुसतं बघून कळत नाही.

मग कळायचं कसं? त्याची माझी युक्ती होती, आणि ती मला कोणी शिकवली नाही, माझी मीच काढली. चित्रात काहीतरी वाटोळं शोधायचं. भिंतीवरचं घड्याळ, बैलगाडीचं चाक, वाजवणाऱ्यानं समोर धरलेली हलगी. आरतीचं ताट उपयोगाचं नाही, कारण ते आडवं असतं आणि आडवं धरलेलं गोल कोणाच्याही डोळ्याला लांबटच दिसतं. वाटोळी वस्तू आपल्याकडं तोंड करून हवी. ती सापडली की चित्र तिथं थांबवायचं, पडद्याला पट्टी लावायची आणि रुंदी-उंची सारखी येईपर्यंत चित्र ओढायचं. चाक गोल झालं की गाडीवानही सरळ झाला. माझ्या टेबलाच्या खणात पट्टी असायची, शाळेतला कंपास असायचा, आणि ते बघून गिऱ्हाइकं म्हणायची, "वैनी, भूमिती घेताय व्हय?" घेत होते, दुसरं काय!

गिऱ्हाइकांचं सांगायचं तर एकेक नग. सगळ्यात जास्त भांडण काळ्या पट्ट्यांवरून. जुन्या मापाचं चित्र नव्या टीव्हीवर खरं ठेवलं की दोन बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्यात काही बिघडलेलं नसतं. पण लोकांचं म्हणणं, "आख्खा टीव्ही घेतलाय, आन् तुमी दोन्हीकडनं दारं लावून घेतली!" किती जणांना समजावलं. शेवटी हात टेकले आणि म्हणेल त्याला चित्र मोठं करून, वरचा-खालचा भाग कापून द्यायला लागले. एकदा इंदापूरकडच्या एक अंगणवाडीताई आल्या होत्या. कुठल्याशा कार्यक्रमात प्रेक्षकांत बसल्या होत्या, अगदी खालच्या रांगेत. त्यांच्या नवऱ्याला पट्ट्या नको होत्या, मी वरचं-खालचं कापलं. ताईंनी माझ्यासमोर बसून सगळा कार्यक्रम बघितला आणि हळूच विचारलं, "मी कुठं हाय ह्यात?" मी परत करून दिलं, पण तो प्रश्न विचारतानाचा त्यांचा चेहरा काही मला कापता आला नाही.

आणि इंदापूरचेच किसनराव वस्ताद! त्यांच्या तालमीतल्या पैलवानाची कुस्ती टीव्हीवर दाखवली होती. घरच्या टीव्हीवर ती ताणलेली दिसायची, पैलवान म्हणजे हे एवढे खांदे. मी हलगी गाठली, गोल केली, पैलवान मापात आणला, आणि मोठ्या ऐटीत वस्तादांना दाखवला. वस्ताद खुर्चीतून उठलेच. "अवो वैनी, दोन वर्सं तूप-बदाम चारलं त्याला. तुमी एका दुपारी समदं उतरवलं की वो!" मी त्यांना खऱ्या मापाची आणि ताणलेली अशा दोन्ही डीव्हीडी पुढं केल्या. त्यांनी ताणलेली उचलली. "ती खरी तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," म्हणाले. अजून आहे माझ्याकडं.

आता माझी एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. मी आवाज बंद ठेवून काम करायचे. तुम्ही हसाल, पण रोज सात-आठ तास लग्नांतले बँड, सनया, भाषणं आणि जाहिराती ऐकून बघा. डोकं पिकून जातं. आवाज चित्राबरोबर आपोआप उतरतो, त्याला कुठलं आलंय माप? तेव्हा सुरुवातीला आवाज येतोय ना एवढं बघायचं, आणि मग बटण खाली. माणसं पडद्यावर तोंडं हलवतात, मी त्यांची रुंदी बघते. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

कन्हेरीची मंगल आली ती सेट टॉप बॉक्सच टॉवेलात गुंडाळून घेऊन. तिचं माहेर कळस. आई, हौसाबाई, वारून वर्ष होत आलं होतं. आजारी पडायच्या आधी एका वाहिनीची माणसं गावाकडच्या स्वयंपाकाचा कार्यक्रम करायला कळसला गेली होती, त्यात हौसाबाईंनी चुलीवर भाकरी केली होती. कार्यक्रम लागला तेव्हा मंगलच्या नवऱ्यानं तो बॉक्समध्ये धरून ठेवला. सगळा मिळून दहा मिनिटांचा तुकडा.

"आईचं हालतं-बोलतं येवढंच हाय बगा," मंगल म्हणाली. "फोटोबी धड न्हाय, रेशनकार्डावरचा तेवढा. वर्षसराद्धाला समदी जमणार हायती. तवा लावायचं. तात्यांनी अजून बघितलंच न्हाय वो." तात्या म्हणजे तिचे वडील. कार्यक्रम लागला तेव्हा हौसाबाई दवाखान्यात होत्या आणि तात्या त्यांच्या उशाशी.

मी बॉक्स जोडला, आवाज येतोय बघितला, बटण खाली केलं आणि वाटोळं शोधायला लागले. घड्याळ नाही, चाक नाही. तवा आडवा, परात आडवी. मागं भिंत, भिंतीत एक लाकडी खिडकी, पुढं चूल आणि चुलीपुढं हौसाबाई, डाव्या हाताला पदर गुंडाळून. मला वाटलं, चटका बसू नये म्हणून असेल. आणि मग एका जागी त्यांनी भाजलेली भाकरी दोन्ही हातांत उभी धरून कॅमेऱ्याला दाखवली. अशी समोर! मी म्हटलं, घ्या, देवच पावला.

पट्टी लावली. सोळाला नऊ ठेवलं तर भाकरी लांबट येत होती. चाराला तीनची खूण घातली आणि भाकरी कशी, कंपासनं काढावी तशी गोल! शंकेला जागाच नव्हती.

इथं मला स्वतःबद्दल थोडं सांगावं लागेल. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या भाकरीला सगळ्या दिशांनी टोकं यायची. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, नुसती भाकरी उचलून उजेडाकडं धरायच्या. ते बोलण्यापेक्षा वाईट. त्या देवळात गेल्या की मी थापलेल्या भाकरीवर ताटली उपडी ठेवून कडा कापायचे आणि कापलेलं पीठ परत गोळ्यात दडवायचे. दोन वर्षांनी हात बसला. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं आहे, की भाकरी म्हणजे वाटोळीच, आणि जी बाई टीव्हीवर भाकरी करून दाखवते तिची तर टाकसाळीतून काढल्यासारखी असणार. पुरुष असता माझ्या जागी, तर कदाचित म्हणाला असता, भाकरीचं काय सांगता येतं? मी बाई, म्हणून मला इतकी खात्री.

डीव्हीडी तयार झाली. बाई जरा उभट चेहऱ्याची, गालफडं बसलेली अशी दिसत होती. असेल, म्हटलं. मी त्यांना कुठं कधी बघितलं होतं?

आठ-दहा दिवसांनी मंगल परत आली. आत आली ती बसली नाही. डीव्हीडी टेबलावर ठेवली.

"काय केलंसा वैनी तुमी हे?"

मला आधी वाटलं, लागली नसेल. मी म्हटलं, "का गं? चालत नाही का?"

"चालती की. चांगली चालली. समद्या भावकीम्होरं चालली." तिचा आवाज चिरकायला लागला. "ती दवाखान्यातली आई हाय. शेवटाला झालती तशी. मला चुलीम्होरची पायजेल व्हती वो. आन् ती भाकरी! आई म्हंती येक आन् हातात भाकरी दुसरीच. लोकं हासली. माझ्या आईच्या वर्षसराद्धाला लोकं तिला हासली!"

मला काही कळेना. "काय म्हणते आई?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी उतरवून दिलेलं मला माहीत नाही? माहीत नव्हतंच. मी डीव्हीडी घातली आणि पहिल्यांदा आवाज लावला.

कार्यक्रमातली मुलगी म्हणत होती, "काकू, ही जरा लांबट झाली ना? ताटली ठेवून छान गोल कापून घेऊया का?" आणि हौसाबाई, माझ्यामुळं कंपासनं काढल्यासारखी वाटोळी झालेली भाकरी उभी धरून, ठामपणे म्हणत होत्या, "नगं बया. लांब हाय तर लांब. हाय तशी दावा. आमच्या मालकांस्नी अशीच लागती."

टीव्हीवाले विचारून तरी कापणार होते. बाईनं नको म्हटलं, त्यांनी ऐकलं. आणि मी बारामतीत खुर्चीवर बसून, तिचा आवाज बंद करून, ताटली ठेवली आणि कापली. भाकरीबरोबर तिची गालफडंही कापली. पाहुण्यांना काय दिसलं? आजारानं वाळलेली बाई गोल भाकरी हातात धरून लांब-लांब म्हणतेय. कोणीतरी म्हणालं, म्हातारीला तवाच भरम झाला व्हता. आणि हशा पिकला.

"तात्या?" मी विचारलं.

"तात्या उठलं आन् भाईर गेलं. 'ही बाई माझी न्हवं,' म्हनलं. तवापासनं रानातल्या मोटरीच्या खोलीत ऱ्हात्यात. घरात टीव्ही लागला की पाय ठेवत न्हायती. माझ्याशी बोलत न्हायती. मीच आनली न्हवं ही डीव्हीडी!"

चूक झाली म्हटलं. तोंडानं म्हणायला मला ते सोपं जात नाही, ह्यांना विचारा. पण म्हटलं. मूळ रेकॉर्डिंग मी महिनाभर ठेवायचे, ते नशिबानं शाबूत होतं. मी मंगलला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "आई तुला परत करते. फक्त किती रुंद होत्या तेवढं तुम्ही घरच्यांनी सांगा, म्हणजे झालं."

म्हणजे झालं! केवढी मी शहाणी. भाकरी लांबट होती हे कळलं, पण किती लांबट? भाकरीचं माप गेलं, आता वाटोळं काही उरलंच नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मंगल तिच्या भावाला, दत्तूला, आणि आत्याला घेऊन आली. मी हौसाबाईंचा चेहरा पडद्यावर थांबवला आणि हळूहळू रुंद करायला लागले. "इथं? इथं?"

"बास, हितंच," मंगल म्हणाली.

"ह्या! आजून लय भरीव व्हती वैनी," आत्या म्हणाल्या. त्या हौसाबाईंच्या नणंद. "लग्नात बगायची तिला!"

"लग्नातलं कुठं काढती आत्या? हे आत्ताचं हाय. मागं घ्या जरा. आता जाड झाली." हा दत्तू.

पुढं, मागं, पुढं, मागं. पाऊण तास. तिघंही त्या बाईच्या हातचं खाऊन वाढलेली, तिच्या अंगाखांद्यावर नाहीतर पाठीला पाठ लावून जगलेली, आणि तिघांची तीन मापं. मंगल रडायलाच लागली. "माझ्या आईचं त्वांड मला आठवंना व्हय वो?" मी तिला म्हटलं, "अगं, कोणालाच नाही आठवत. मला माझ्या आईचं विचार, मीही नाही सांगू शकणार." हे काही तिच्या समाधानासाठी नव्हतं. त्या क्षणी मी खरंच आठवून बघितलं आणि मला जमलं नाही. शेवटी तिघांनी मिळून दोन मापांच्या मधलं एक ठरवलं, जमिनीची वाटणी करताना बांध घालतात तसं. मंगल म्हणाली, "करा ह्येच. चालतंय."

पण "चालतंय" ऐकून माझं काम कधी संपलेलं नाही. त्यांना उद्या या म्हणून घालवलं आणि एकटी बसून त्या चित्राकडं बघत राहिले. आणि मग दिसली. खिडकी! हौसाबाईंच्या खांद्यामागं, भिंतीत, बरोबर समोर तोंड करून. ती वाटोळी नव्हती म्हणून मी तिच्याकडं ढुंकून बघितलं नव्हतं. अगं, पण खिडकी मोजता येते की! माणूस गेलं तरी खिडकी तिथंच असणार. माझ्या मूर्खपणाला मी चार शब्द सुनावले, ह्यांची मापाची टेप पिशवीत टाकली आणि सकाळच्या बसनं कळस गाठलं.

खिडकी तिथं नव्हती. स्वयंपाकघराला फरशी बसली होती आणि भिंतीत पांढरी सरकती काच. दत्तूची बायको म्हणाली, "धूर लय कोंडायचा, म्हनून बदलली. जुनी व्हय? ती तात्यांनी न्हेली उचलून, मोटरीच्या खोलीला."

उसाच्या कडेकडेनं मोटरीच्या खोलीकडं गेले. तात्या दारात बसले होते, खांद्यावर घोंगडं. या घरानं आधी मेंढरं राखली, पाणी आलं तसा ऊस केला. पण घोंगडं काही खांद्यावरून उतरलं नव्हतं. मी कोण ते सांगितल्यावर म्हातारा उठून आतच निघाला.

"तात्या, डीव्हीडी दाखवायला नाही आले. तुमची खिडकी मोजायला आले."

ते थांबले. "खिडकी? कशापायी?"

मी सांगितलं. परकराची नाडी, भाकरी, कंपास, आवाज बंद ठेवायची खोड, सगळं. लपवलं काहीच नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी ती बाई तुमी वाळवली व्हय?"

"मी वाळवली."

"हं," म्हणाले. "मोजा."

टेपचं एक टोक त्यांनीच धरलं. चौकट दोन फूट रुंद, अडीच फूट उंच. दोनदा मोजली. मी वहीत लिहीत होते आणि म्हातारा आपला आपणच बोलायला लागला.

"तिची डाव्या हाताची दोन बोटं न्हवती. लगीन झाल्यावर दुसऱ्या सालाला कडबा कुट्टीच्या मशिनीत गेली. थापताना भाकरी डाव्या हातानं फिरवायला लागती. ती फिरायची न्हाय, लांब जायाची. आमची म्हातारी, माझी आई, लय बोलायची तिला. पाव्हनं आलं की तोंडाला पदर लावून तिच्या भाकरीला हासायची. तवापासनं हिनं येकच धरलं. कुनी काय म्हनलं की, आमच्या मालकांस्नी अशीच लागती. समद्यांची तोंडं बंद."

"मग बरोबरच बोलल्या की त्या," मी म्हटलं.

"मी कवाच म्हनलो न्हवतो तसं." तात्या खिडकीच्या गजाला धरून उभे होते. "तिच्या मनाचंच ते. समद्यांम्होरं म्हनायची आन् माझ्याकडं बगायची. मी आपला खाली मान घालून खायाचो. व्हय बी न्हाय आन् न्हाय बी न्हाय. येवढी वर्सं गेली. येकदा व्हय म्हनलो असतो तर काय झिजलो असतो का मी?"

मी टेप गुंडाळत राहिले, ती आधीच गुंडाळून झाली होती.

दुकानात आल्याबरोबर पडद्याला पट्टी लावली. मी गोल भाकरी करून दिली होती त्यात खिडकी दहा सेंटिमीटर उंच आणि सहा रुंद होती. तिघांनी मिळून ठरवलेल्या मापात दहाला सात. आणि खरी खिडकी, दोनाला अडीच फूट, म्हणजे दहाला आठ. सोळाला नऊची खूण घातली आणि चौकट बरोब्बर आठावर येऊन बसली. हौसाबाई घरच्यांनी ठरवल्या होत्या त्यापेक्षाही भरल्या अंगाच्या निघाल्या. आजारानं नुसती ती बाई वाळली नव्हती, मुलांच्या आठवणीतली आईसुद्धा त्यानं वाळवून ठेवली होती. मला फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, कामाचा अभिमानही वाटला. पूर्ण तुकडा मी आवाज लावून तीनदा ऐकला.

नवी डीव्हीडी घेऊन मंगलबरोबर मीच कळसला गेले. माझी चूक, मीच उभं राहून दाखवणार. तात्यांना निरोप धाडला होता, पण ते येतील याची मंगलला खात्री नव्हती. आले. चपला दाराशी काढल्या, पण आत बसले नाहीत. उंबऱ्याला टेकून उभे राहिले, कधीही बाहेर जाता येईल असे.

डीव्हीडी सुरू झाली. मंगलनं पदर तोंडात धरला. "आई," एवढंच म्हणाली. गालांवर मांस होतं, कपाळ रुंद होतं, जाळानं तोंड लाल झालं होतं. चुलीपुढचीच होती ती. दत्तू म्हणाला, "व्हय की रं, अशीच व्हती की," आणि नाक ओढत बाहेर बघायला लागला.

मी तात्यांकडं बघत होते. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता. भाकरी तव्यावरनं उतरली, हौसाबाईंनी ती पदराच्या हातानं आणि उघड्या हातानं उभी धरली. लांब. चांगली ऐसपैस लांब, एका बाजूला किंचित झुकलेली. ती मुलगी म्हणाली, गोल कापून घेऊया का.

तात्या उंबरा सोडून आत आले आणि टीव्हीसमोर उभे राहिले.

"नगं बया," हौसाबाई म्हणाल्या. "लांब हाय तर लांब. हाय तशी दावा. आमच्या मालकांस्नी अशीच लागती." आणि बोलता बोलता त्यांनी कॅमेऱ्याच्या शेजारी कुठंतरी बघितलं. शूटिंगच्या दिवशी तिथं कोण उभं असेल ते सांगायची गरज नव्हती.

"व्हय," तात्या टीव्हीला म्हणाले. "मला अशीच लागती."